माझं वाक्य मी संपवीन

आईच्या रागामुळे लॅपटॉप बंद पडतो, यावर आमच्या घरात एकमत झालं होतं. आमच्या घरात एकमत होणं हीच मुळात संशयाची गोष्ट. चहात साखर किती यावर जिथे दोन तट पडतात, तिथे दादा, फोनवरून वहिनी आणि आईला रोज अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी एका सुरात बोलायला लागले, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते.

आधी आई कोण ते सांगते. माझी आई ड्रायव्हिंग स्कूल चालवायची, फक्त बायकांसाठी. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्यावरून तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. पहिल्या दिवशी त्या गाडीत रडलेल्या बायका पुढे गल्लीबोळांतून अशा गाड्या हाकायच्या की पाहणाऱ्याने बाजूला व्हावं. आई कुणाचं कौतुक करायची नाही. "जिवंत आलीस ना घरी? मग चांगली चालवलीस," इतकंच.

मग नसांचं दुखणं आलं. पाय गेले, हात गेले, शेवटी जीभ गेली. डोकं मात्र जिथल्या तिथे, वर धार लावून ठेवल्यासारखं. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलते. त्या बोटाखाली मी एक मोठं लाल बटण ठेवलं आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी असतात आणि त्यांच्यावरून एक पिवळी पट्टी सरकत जाते. हवी ती ओळ आली की आई बटण दाबते, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबते. पट्टीच्या दोन फेऱ्या बटण न दाबता गेल्या, तर पट्टी थांबून राहते आणि आईची वाट बघते. असं अक्षर अक्षर जोडून वाक्य झालं की लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो. बोलणं झालं की आम्ही त्याचं झाकण मिटतो, उघडलं की सगळं जागं होऊन पट्टी पुन्हा फिरू लागते. त्याचा आवाज पडसं झालेल्या कारकुनासारखा आहे. 'यापेक्षा माझा खोकला बरा' हे आईने त्याच्याकडून वदवून घेतलेलं पहिलं वाक्य.

हा सगळा संसार लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट, खुल्या सिस्टीमवर चालतो. मी जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढते, तिथल्या मशीन्सवर लिनक्सच असतं, त्यामुळे हात बसलेला. पण खरं कारण वेगळं. दादाने आधी एक तयार टॅबलेट आणला होता. त्यावर चित्रं होती: पाण्याचा ग्लास, पलंग, हसरा चेहरा, रडका चेहरा. हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की टॅबलेट गोड आवाजात म्हणायचा, 'मला छान वाटत आहे.' आईने त्या टॅबलेटकडे असं पाहिलं, जसं ती लाल सिग्नल तोडणाऱ्याकडे पाहायची. तिला तिची स्वतःची वाक्यं हवी होती. लिनक्सवरचा हा प्रोग्राम मला उघडून, खालीवर करून, तिच्या तोंडचे शब्द त्यात घालता आले. शिव्यासुद्धा घातल्या. त्याच आधी वापरल्या गेल्या.

लॅपटॉपच्या दोन्ही कडांना खाचा आहेत. त्यांत काडेपेटीहून लहान कार्डं सरकवायची. जे कार्ड घालाल ते काम ती खाच करते. एक कार्ड चार्जिंगचं, एक मोठ्या पडद्याचं आणि एक आईच्या बटणाचं. त्या बटणाच्या कार्डाने आमचं घर बोलकं केलं आणि त्याच कार्डाने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. अधूनमधून अख्खं मशीन गोठायचं. पट्टी जागच्या जागी, माउस मेलेला, कोपऱ्यातलं घड्याळही थांबलेलं. लॅपटॉप जबरदस्तीने बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा, आणि तोवर आईचं अर्धं वाक्य वाऱ्यावर गेलेलं असायचं.

मी काय नाही केलं? कार्ड डावीकडून उजवीकडे घातलं. त्याची टोकं स्पिरिटने पुसली. तसंच दुसरं कार्ड मागवलं, तेही गोठलं. बटण बदललं, वायर बदलली. सिस्टीमची नवी आवृत्ती टाकली, मग जुनी टाकली, मग त्याहून नवी. इंटरनेटवर जगभरचे लिनक्सवाले जिथे एकमेकांना मदत करतात तिथे जाऊन विचारलं. कुणी म्हणालं, सगळं पुसून नव्याने टाका. कुणी म्हणालं, तुम्ही चुकीचं लिनक्स वापरता, मी वापरतो ते वापरा. एकाने नुसतंच लिहिलं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.' अरे, मग बस ना गप्प तुझ्या व्यवस्थित चालणाऱ्या घरात! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा कारभार.

शेवटी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. चौकातल्या जिन्याखाली त्याची टपरीवजा खोली आहे, आणि त्याची बोटं बघण्यासारखी आहेत. त्याने बटण इतकं भराभर दाबलं की पट्टीला धाप लागली असेल. पानभर मजकूर लिहून काढला. काही झालं नाही.

"ताई, चालतंय की हो."

"घरी बंद पडतं."

"वापरतं कोण?"

"आई."

"त्यांना म्हणावं, जरा हळू दाबा."

म्हणजे तोही दादाच्याच पक्षात. तरी निघताना त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. मशीन आपण काय करतोय ते सतत आपल्याशीच पुटपुटत असतं, पण गोठलं की शेवटची पुटपुट त्याच्या पोटातच राहते. ती दुसऱ्या मशीनवर वळवून ठेवा, मग मरताना काय म्हणालं ते कळेल. मी घरी येऊन ते पुटपुटणं माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर वळवलं. पण तेव्हापासून आई 'हो', 'नाही'पुरतंच लिहायला लागली आणि मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं. दुखऱ्या दाताचं असंच असतं, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की तो दुखायचा थांबतो.

दादाचा सिद्धांत तोवर पक्का झाला होता. तो आईसाठी महिनाभर रजा काढून आला होता, आणि हा माणूस हुशार आहे, निरीक्षण चांगलं आहे. त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. आई चिडलेली असली की मशीन गोठायचं. प्रत्येक वेळी. सकाळी आई लिहीत होती, 'खिडकी', आणि मग थांबली. दादा म्हणाला, "लावून घेऊ का?" आईने डोळे वटारले, बटण दाबलं, मशीन गार. दुपारी तिने लिहिलं, 'डाव्या पायाला', आणि थांबली. मावशी म्हणाल्या, "मुंग्या आल्या का? चोळते." आईच्या नाकपुड्या फुलल्या, बटण दाबलं, मशीन गार. दादाने हे सगळं मला शांतपणे समजावून सांगितलं, जसं लहान मुलाला गणित सांगावं.

"चिंगे, ती रागाने दाबते. जोर पडतो, कार्ड हलतं, मशीन बंद. सरळ आहे."

"आईच्या बोटात पेन उचलायची ताकद नाही, दादा."

"रागात येते ताकद. तुला आठवत नाही ती कशी होती?"

मग तो आईपाशी जाऊन बसला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "आई, जरा शांतपणे दाबत जा ना." ज्या बाईने हजारभर बायकांना भर चौकात क्लच सोडायला शिकवलं, तिला शांतपणे दाब म्हणतो! आईने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला दोघांचाही राग आला, त्याचा बोलल्याबद्दल आणि तिचा डोळे मिटल्याबद्दल. आई डोळे मिटणारी बाई नव्हती.

दादा वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. त्याने त्याच्या शहरात आईसाठी एक केंद्र पाहून ठेवलं होतं. बाग आहे, नर्स आहेत, खाटा वरखाली होतात. "तू किती दिवस अशी घराला बांधून राहणार? तुला तुझं आयुष्य आहे," असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून यायचा. पण आईला ते केंद्र नको होतं की हवं होतं, हे आईला विचारायचं राहून गेलं होतं. म्हणजे विचारलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा ती 'मला' एवढं लिहून थांबली, दादाने "मला चालेल असंच ना?" विचारलं, तिने बटण दाबलं आणि मशीन गोठलं.

आता त्यासाठी बुधवारी एक डॉक्टर घरी येणार होत्या. आईला स्वतःचं मत स्वतः सांगता येतं की नाही हे त्या पाहणार. सांगता आलं, तर आई म्हणेल तसं होईल. नाही आलं, तर आईच्या वतीने मोठा मुलगा ठरवेल. मग घराला कुलूप आणि आई बागेत.

रविवारी दुपारी मावशी आईला आतल्या खोलीत अंघोळ घालत होत्या. दादा बाजारात गेला होता. मी आईच्या खुर्चीत बसले. म्हटलं, बघूया दादाचा सिद्धांत. आई एका बोटाने दाबते, मी मुठीने दाबलं. मग तळहाताने हाणलं. मग त्या बटणाला मी दादा समजले आणि मनातलं सगळं काढलं. मशीनने चूं केलं नाही. 'ककककघघ' असं काहीबाही लिहून त्याने कारकुनाच्या आवाजात वाचूनही दाखवलं. कार्ड जागचं हललं नाही.

म्हणजे राग नाही. मग काय?

मी ठरवलं, आईसारखं बसायचं. हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मनगटाला आईचा पट्टा बांधला आणि तर्जनी तेवढी बटणावर टेकवली. एक वाक्य लिहायचं. मी लिहिलं, 'दादा तू'. आणि पुढे सुचेना. जे मनात होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं, आणि लिहिण्यासारखं होतं ते खोटं होतं. पट्टीने दोन फेऱ्या मारल्या आणि ती थांबली. मी तिच्याकडे बघत बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता, मावशी काहीतरी गुणगुणत होत्या. मला वाटलं, आई रोज इथेच बसते. एका शब्दानंतर पुढचा शब्द तोलते. तिला जीभ होती तेव्हा ती तोलायची नाही, कारण चुकला शब्द तर दुसरा हाताशी असायचा. आता एकेक अक्षर दमवतं, म्हणून आधी मनात वाक्य पक्कं करते. आणि ती तोलत असते नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, 'लावून घेऊ का?'

शेवटी शब्द सुचला. मी अगदी हळूच, फुलाला लावावं तसं बोट दाबलं.

मशीन गोठलं.

घड्याळ थांबलं, माउस मेला. मी शेजारच्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे शेवटच्या दोन ओळी उतरल्या होत्या. पहिलीचा अर्थ, बराच वेळ काम नाही म्हणून बटणाच्या कार्डाला झोपवलं. दुसरीचा अर्थ, कार्डाला उठवतोय. पुढे काही नाही. ते कार्ड उठलंच नव्हतं, आणि त्याला उठवता उठवता अख्खं मशीन त्याच्या उशाशी बसून राहिलं होतं.

बॅटरी वाचावी म्हणून लिनक्स हे करतं. जो भाग वापरात नाही त्याला झोपवतं. गुणाचंच आहे ते. बाकीची कार्डं झोपतात आणि हाक मारली की उठतात. हे एक कार्ड कुंभकर्ण निघालं.

मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि परत तेच केलं. दोन शब्द लिहिले, पट्टी थांबू दिली, वाट पाहिली, हळूच दाबलं. गोठलं. पुन्हा केलं. पुन्हा गोठलं. मी खुर्चीत बसून वेड्यासारखी हसायला लागले आणि मग हसता हसता मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आईच्या रागाने मशीन बंद पडत नव्हतं. आई विचार करायला थांबली की पडत होतं! ती थांबायची, आपण मधे तोंड घालायचो, तिला राग यायचा आणि 'नाही' म्हणायला ती बटण दाबायची. आपल्याला राग दिसला. त्याच्या आधीचं थांबणं कुणाला दिसलं नाही, कारण ते आपण आपल्या बोलण्याने भरून टाकत होतो. दुरुस्तीवाला थांबलाच नाही म्हणून त्याच्याकडे चाललं. जगातले सगळे हुशार लोक भराभर दाबतात, आणि म्हणून त्यांच्याकडे व्यवस्थित चालतं.

उपाय एका ओळीचा होता. या कार्डाला कधीही झोपवू नकोस, असं मशीनला सांगायचं. ते तत्काळ लागू झालं. मशीन बंद करून सुरू केलं तरी टिकावं म्हणून तीच ओळ मी एका फाइलमध्ये कायमची लिहून ठेवली. मग आईला खुर्चीत बसवलं, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पट्टी फिरली, थांबली, आईने बराच वेळ घेतला. मग बोट हललं आणि पट्टीही हलली. मी ओठ दाताखाली धरून गप्प राहिले. कारकुनाचा आवाज म्हणाला:

"हेच सांगत होते. सांगताना बंद पडायचं."

आणि थोड्या वेळाने:

"सिग्नलला बंद पडणारी गाडी पळवून तपासतात का, गाढवांनो."

गाढवांनो, अनेकवचनी. त्यात मीही आले. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं." चेहऱ्यावरून त्याला पटलं नव्हतं. तीन दिवस मशीन एकदाही गोठलं नाही, तेव्हा म्हणाला, "हल्ली आई शांत आहे ना."

बुधवारी डॉक्टर वेळेवर आल्या. माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले, हातात कागदांची पाटी. मी दार उघडायला गेले तेवढ्यात दादाने आत एक पुण्यकर्म केलं. मी परत आले तर तो लॅपटॉपपासून सरळ उभा राहत म्हणाला, "बंद करून चालू केलं. ताजंतवानं असलेलं बरं."

फाइलमधली ती ओळ मी लिहिली होती, पण त्यानंतर मशीन एकदाही बंद करून पाहिलं नव्हतं. ओळ बरोबर असेल तर कार्ड जागं राहील. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर आई पहिल्यांदा विचार करायला थांबली की संपलं. तपासायला मी पुढे झाले तर डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही दोघं कृपया भिंतीपाशी उभे राहा. मशीनला कुणी हात लावू नका. मला फक्त त्यांचं बोलणं हवंय." मग पडद्याकडे पाहून, "हे शब्द आपोआप सुचवतंय का? ते बंद करा. मला त्यांचीच अक्षरं हवीत."

मी शब्द सुचवणं बंद केलं आणि दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला त्या बाईंचा रागही आला आणि आदरही वाटला.

डॉक्टर आईसमोर बसल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आजी, आज कोणता वार आहे?"

आईचं बोट चालू लागलं. न थांबता, एकामागून एक. "बुधवार. बहिरी नाही. आजी नाही. बाई म्हणा."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "बरं, बाई. तुम्ही काय काम करायचात?"

"गाडी शिकवायचे. तुमची उतारावर आहे. चाकं फुटपाथकडे वळवली नाहीत."

डॉक्टरांनी आईच्या खुर्चीशेजारच्या खिडकीतून खाली पाहिलं. मीही मान लांब करून पाहिलं. आमची गल्ली उताराची आहे आणि एक पांढरी गाडी खरंच सरळ चाकांनी उभी होती. दादा घसा खाकरून म्हणाला, "आईचा स्वभाव जरा..." डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. त्या हातासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन.

मग त्यांनी विचारलं. या वेळी मोठ्याने नाही, साध्या आवाजात. "बाई, तुमच्या मुलाने एक केंद्र पाहिलंय. तुम्हाला तिकडे जायचंय, की इथे राहायचंय?"

आईने लिहायला घेतलं. मला. इथेच. राहायचंय. आणि मग तिने आणखी एक शब्द लिहिला.

'पण.'

आणि आई थांबली.

पट्टीने एक फेरी मारली. दुसरी मारली. आणि तीही थांबली. खोलीत हालचाल अशी उरलीच नाही. कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं, पण त्याचा काय उपयोग? मरण तर पुढच्या दाबण्यात होतं. आई बघत होती खिडकीकडे, किंवा खिडकीतून कुठेतरी. तिच्या कपाळावर ती जुनी उभी आठी होती, वळण घेण्याआधी पडायची तीच.

पण काय? माझ्या मनात ते वाक्य भराभर पूर्ण व्हायला लागलं. पण मुलीचे हाल होतात. पण तिला तिचं आयुष्य आहे. पण मी जाईन. आई असं लिहू शकते, हे मला माहीत होतं. दुसऱ्याच्या गाडीला वाट करून देण्यासाठी ती स्वतःची गाडी खड्ड्यात घालेल. मला ओरडावंसं वाटलं की नाही, मला काही त्रास होत नाही, तिला म्हणायचंय की... आणि मी जीभ चावली. मीही तेच करत होते. तोंड बंद ठेवून, पण तेच.

शेजारी दादाने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखते. तो एक पाऊल पुढे झाला. "मशीन गोठलंय बहुतेक. डॉक्टर, आईला म्हणायचंय की..."

मी त्याच्या दंडाला धरून मागे खेचलं. इतक्या जोरात की त्याचा खांदा भिंतीवर आपटला.

"गोठलेलं नाही," मी म्हणाले. "ती विचार करतेय."

"आणि गोठलेलं असलं तर?"

"तर मी पुन्हा सुरू करीन. पुन्हा गोठलं तर पुन्हा सुरू करीन. संध्याकाळपर्यंत करीन. डॉक्टर थांबणार नसतील तर त्यांच्या दारात जाऊन बसेन. पण आईचं वाक्य तू संपवायचं नाहीस, दादा. मीही नाही. जगात कुणीही नाही."

डॉक्टरांनी लेखणी पाटीवर आडवी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. त्या थांबल्या. इतका वेळ आईसाठी थांबलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

आईची नजर खिडकीवरून वळली. ती दादावरून गेली, माझ्यावरून गेली आणि पडद्यावर स्थिरावली. तर्जनी उचलली गेली. आणि खाली आली.

पट्टी हलली.

मी भिंतीला टेकले. ओळीवरून ओळीवर पट्टी सरकत होती, आई अक्षरं वेचत होती, घाई नाही, राग नाही, अधूनमधून थांबत, पुन्हा चालत. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. मला पूर्ण वाक्य ऐकायचं होतं, तिने संपवल्यावर. शेवटी तिने वाचायचं बटण निवडलं आणि पडसं झालेला कारकून बोलला:

"मला इथेच राहायचंय. पण ही दोघं मधे बोलली, तर दोघांनाही घराबाहेर काढीन."

दादाच्या तोंडून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं हुंदका आहे. तो हसत होता. लहानपणी गाडीच्या मागच्या सीटवर भांडताना आई हेच म्हणायची, अगदी याच शब्दांत, आणि एकदा तिने खरंच भर रस्त्यात आम्हाला खाली उतरवलं होतं. हसता हसता त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला आणि तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टरांनी लेखणी उचलली. कागदावर टेकवली. मग थबकल्या आणि आईकडे पाहून म्हणाल्या, "झालं का तुमचं वाक्य, बाई? की अजून काही आहे?"

आई पुन्हा थांबली. पट्टीच्या दोन फेऱ्या झाल्या. कुणी हललं नाही, दादाही नाही. मग तिने बोट दाबलं.

"झालं. आता लिहा."